चंडीगढची कॅपिटॉल फेरी: फुकट आहे, 10 वाजताचीच धरा

सुखना तलाव आणि रॉक गार्डन पाहिलं की चंडीगढ ‘झालं’ म्हणणारे पुष्कळ. ज्याच्यामुळे या शहराचं नाव झालं, तो सेक्टर 1 मधला वास्तुकार ल कॉर्बुझिएचा कॅपिटॉल परिसर राहून जातो. 2016 पासून तो जागतिक वारसा आहे. पण विधानसभा, सचिवालय, उच्च न्यायालय सगळं इथेच, आणि 1995 मध्ये सचिवालयाबाहेरच पंजाबचे मुख्यमंत्री बिअंत सिंग यांची हत्या झालेली. त्यामुळे बंदोबस्त कडक. आपलं आपण फिरता येत नाही.

पर्यटन खात्याची फेरी घ्यावी लागते. ती सेक्टर 1 च्या पर्यटन केंद्रातून सकाळी 10, दुपारी 12 आणि 3 ला निघते. वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या आणि मूळ ओळखपत्र सोबत ठेवा. कोणत्या इमारतीच्या आत सोडतील, हे त्या दिवशीच्या कामकाजावर ठरतं. इमारतींमधलं अंतर मोठं, सावली जवळपास नाही, म्हणून 12 ची फेरी उन्हाळ्यात टाळाच.

भिंतीला अगदी जवळ जा. काँक्रीटवर सेंटरिंगच्या (ओतताना साच्यासाठी लावलेल्या) फळ्यांचे ठसे, लाकडाच्या रेघांसकट, अजून दिसतात. गिलावा मुद्दामच केलेला नाही. न्यायालयाचे हिरवा, पिवळा, लाल असे तीन उंच खांब आणि वाऱ्याबरोबर फिरणारा 26 मीटर उंच ‘खुला हात’ हे शिल्प यांच्यापुढे निवांत थांबायला हवं. गाइड घाई करत असेल तर सरळ थांबायला सांगा.

तिथून रॉक गार्डन आणि पुढे सुखना जवळच आहे. फुटक्या बांगड्या, टाइल्स, चिनीमातीचे तुकडे यांतून नेकचंद यांनी उभारलेली ही बाग अप्रतिम आहे. पण दारं बुटकी, वाटा अरुंद, पायऱ्या बऱ्याच. गुडघे दुखणाऱ्यांना त्रास होतो. सुखना संध्याकाळी गजबजतो, शिवालिकचे डोंगर नीट बघायचे तर पहाटे जा.

पत्ता शोधताना एक घोळ हमखास होतो. सेक्टरचे आकडे ओळीने उलटसुलट फिरतात: 17 च्या शेजारी 16 आणि 18, पण दक्षिणेला 22. शिवाय घरक्रमांक प्रत्येक सेक्टरात नव्याने सुरू होतात, म्हणून रिक्षावाल्याला सेक्टर आधी सांगा. डिसेंबरअखेर ते जानेवारी धुक्यामुळे गाड्या आणि विमानं रखडतात. परतीच्या प्रवासाला अर्धा दिवस हाताशी ठेवा.