जुन्या घरात हीट पंप: एका अख्ख्या हिवाळ्यानंतरचा अनुभव

आधी पैशांचं सांगते, कारण विचारणारा प्रत्येक जण तेच विचारतो. लंडनच्या हॅरोमधलं आमचं सेमी-डिटॅच्ड घर १९३० च्या दशकातलं आहे. भिंती नऊ इंची, भरीव विटांच्या, मधे पोकळी नाही. खाली लाकडी तक्तपोशी. गॅस बॉयलर, वरच्या कपाटात गरम पाणी साठवायचा तांब्याचा सिलिंडर आणि माळ्यावर पाण्याची टाकी, अशी जुनी मांडणी होती. बॉयलरचं सर्किट बोर्ड गेलं, ते मॉडेल कधीच बंद झालेलं, पार्ट मिळेना. नव्या गॅस बॉयलरचं कोटेशन तीन हजार पौंडांच्या आसपास आलं. एअर सोर्स हीट पंपाचं, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून घर तापवणाऱ्या विजेवरच्या यंत्राचं, आलं १४,२००. त्यातून बॉयलर अपग्रेड स्कीम ह्या सरकारी ग्रँटचे ७,५०० वजा जाता आमच्या खिशातून ६,७००. इतकी वर्षं इथे राहूनही मी मनात रुपये करून बघतेच, आणि सात लाखांच्या वर आकडा गेल्यावर त्या रात्री झोप नीट लागली नाही.

ही ग्रँट आधी ५,००० होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये साडेसात हजार झाली. अर्ज इन्स्टॉलर करतो. आपल्याला ऑफजेमचा (वीज-गॅसच्या सरकारी नियामकाचा) ईमेल येतो, त्यावर होकार द्यायचा. रक्कम आपल्या हातात येत नाही, बिलातूनच वळती होते. व्हॅटही शून्य आहे, मार्च २०२७ अखेरपर्यंत. हा भाग अगदी सुरळीत झाला.

बिनसलं ते पाइपांवरून. सर्व्हेला आलेल्या माणसाने खोल्या मोजल्या, खिडक्या मोजल्या, लंडनमध्ये बाहेर उणे दोन अंश असताना घरातून किती उष्णता जाते त्याचा खोलीवार तक्ता काढला. एकूण सात किलोवॅटच्या आतबाहेर. उत्तम काम. पण तक्तपोशीची एक फळी काही उचलून बघितली नाही. प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर दुसरा माणूस येऊन सांगतो की तुमचे पाइप मायक्रोबोअर आहेत, दहा मिलिमीटरचे, ह्यातून पुरेसं पाणी जाणार नाही, खालच्या मजल्याचे पाइप बदलायचे १,९०० पौंड वेगळे. जुन्या घरांत सत्तर-ऐंशीच्या दशकात सेंट्रल हीटिंग घातलं तेव्हा असे बारीक पाइप सर्रास टाकायचे. गॅस बॉयलर सत्तर-ऐंशी अंशांचं पाणी सोडायचा, तेव्हा ते बारीक पाइप चालून जायचे. हीट पंप चाळीस-पंचेचाळीस अंशांचं पाणी सोडतो. तेवढीच ऊब पोचवायची तर पाणी जास्त खेळलं पाहिजे आणि खोल्या तापवणारे रेडिएटर मोठे हवेत. हे ह्या धंद्यातल्या कुणालाही तोंडपाठ असतं. मग सर्व्हेतच का बघितलं नाही? रेडिएटरच्या नळीचा व्यास मोजायला जितका वेळ लागतो तितक्यात कळलं असतं. मी कोटेशनवरचं ‘फिक्स्ड प्राइस’ दाखवून वाद घातला, आठवडाभर ईमेल चालले, शेवटी निम्म्यावर तडजोड झाली. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण तुमचं घर जुनं असेल तर सही करण्याआधी फळी उचलायला लावा आणि पाइपांचा आकार कोटेशनमध्ये लिहून घ्या. पंप म्हणून जे यंत्र बाहेर बसतं त्याची किंमत एकूण खर्चाच्या निम्मीही नसते. बाकी सगळा पैसा घराच्या पोटात जातो: पाइप, रेडिएटर, सिलिंडर, वायरिंग, मजुरी.

आता चालवण्याचा खर्च. डिसेंबरचं बिल बघून मी हा रिव्ह्यू अतिशय कडू लिहायला घेतला होता. आमच्या दरांनी विजेचं युनिट गॅसच्या चौपट पडतं. जुना बॉयलर ऐंशी टक्के कार्यक्षम धरला, तर एका युनिट विजेतून पंपाने निदान ३.२ युनिट उष्णता काढली पाहिजे, तेव्हा कुठे बरोबरी होते. आमच्या कंट्रोलरवर डिसेंबरात २.६ दिसत होते. फोन केला तर उत्तर मिळालं, “मॅडम, तुमचं घर जुनं आहे, असंच होणार.” ह्या उत्तराचा मला आजही राग येतो. घर जुनं आहे हे त्यांना सर्व्हेच्या दिवशी माहीत होतं, आणि पैसे घेताना त्याची अडचण झाली नव्हती.

जानेवारीत एक व्हॉल्व्ह गळायला लागला म्हणून त्याच कंपनीचा दुसरा मुलगा आला. त्याने कंट्रोलर उघडून बघितला आणि सरळ सांगितलं की वेदर कॉम्पेन्सेशन (बाहेरच्या हवेप्रमाणे पाण्याचं तापमान कमीजास्त करणारी सोय) चालूच केलेलं नाही, पंप रात्रंदिवस पंचावन्न अंशांचं पाणी सोडतोय. त्याने कर्व्ह लावून दिला: बाहेर उणे दोन असेल तर शेहेचाळीस अंश, बाहेर उबदार असेल तर बत्तीस-तेहेतीस. रेडिएटरचे व्हॉल्व्ह सगळे उघडे ठेवायला सांगितले आणि थर्मोस्टॅटशी दिवसभर खेळू नका म्हणाला. फेब्रुवारी काही फार उबदार नव्हता, तरी आकडा ३.६ वर गेला. तेच यंत्र, तेच घर. त्यामुळे माझं मत इथे बदललं. आमच्यासारख्या भरीव भिंतींच्या घरातही हीट पंप चालतो. फक्त तो नीट लावून देणारा माणूस मिळायला हवा, आणि तो मिळणं सध्या नशिबावर आहे.

गॅसचं कनेक्शन काढलं असतं तर स्टँडिंग चार्जचे (गॅस वापरा न वापरा, भरावाच लागणाऱ्या ठरावीक आकाराचे) वर्षाला शंभराच्या वर पौंड वाचले असते. पण आमच्याकडे भाकरी होते, आणि ती ज्वाळेवरच फुगते. ते पैसे मी भरते आहे.

आता माझी खरी तक्रार. ती दह्याची आहे. जुना तांब्याचा सिलिंडर ज्या कपाटात होता, तिथे बारा महिने ऊब असायची. रात्री विरजण लावून स्टीलचा डबा सिलिंडरशेजारच्या फळीवर ठेवायचा, सकाळी दही असं लागलेलं असायचं की डबा तिरका केला तरी हलायचं नाही. इडलीचं पीठ तिथेच फुगायचं. जानेवारीतसुद्धा! नव्या सिलिंडरला इतकं जाड इन्सुलेशन आहे की त्याच्या अंगातून ऊब बाहेर येतच नाही. कपाट घरातल्या बाकी कपाटांसारखंच गार. पहिल्या आठवड्यात दही चिकट, ताराळ व्हायला लागलं. एक पाइप उघडा ठेवा म्हणून मी इन्स्टॉलरला विनवलं. तो म्हणाला, नियमाप्रमाणे सिलिंडरला येणारे पाइप गुंडाळावेच लागतात. कपाटात छोटा रेडिएटर टाकून द्यायचे २८० पौंड सांगितले. दह्यासाठी २८० पौंड मी देणार नाही.

मला कळतं की जुन्या कपाटातली ती ऊब म्हणजे चोवीस तास वाया जाणारा गॅस होता, आणि त्याचं बिल मीच भरत होते. तरीही कुठल्याही हीट पंपाच्या माहितीपत्रकात किंवा व्हिडिओत ही गोष्ट मला सापडली नाही, आणि आपल्या घरांमध्ये ती क्षुल्लक नाही. ज्यांच्या घरात असं उबदार कपाट आहे त्यांनी ते जाणार हे गृहीत धरावं. शेवटी मी गार्डन सेंटरमधून रोपांच्या ट्रेखाली घालायची गरम चटई आणली. वीस वॉटची आहे. कपाटातल्या फळीवर चटई, वर डबा, त्यावर जुनी शाल. रात्रभराला चार पेन्सची वीज लागते. दही पुन्हा लागायला लागलं, पीठ मात्र अजून आधीसारखं फुगत नाही.

सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. येताजाता रेडिएटरला हात लावून म्हणायच्या, “अगं, हे बंद पडलंय बघ.” हात लावला तर कोमटच लागतो, आणि ओले टॉवेल त्यावर वाळत नाहीत हे खरं आहे. पण पंधरा दिवसांनी त्यांनीच स्वेटर घालणं सोडलं. पूर्वी सकाळ-संध्याकाळ घर तापायचं आणि मधे गार पडायचं. आता रात्री तीनला उठलं तरी तीच ऊब. उत्तरेकडच्या खोलीत कपाटामागच्या भिंतीवर दर हिवाळ्यात काळी बुरशी यायची, ती ह्या वर्षी आलीच नाही. डिह्युमिडिफायर माळ्यावर गेला.

आणि शॉवर! जुन्या मांडणीत माळ्यावरच्या टाकीतून जेवढा दाब मिळेल तेवढाच. नवा सिलिंडर अनव्हेंटेड, थेट मेनच्या दाबावर चालतो. डोक्यावरून धो-धो गरम पाणी, एक जण अंघोळीला असताना खाली नळ सोडला तरी धार कमी होत नाही. ह्याची मी अपेक्षाच केली नव्हती. नुसत्या शॉवरसाठी कुणी इतका खर्च करणार नाही, पण रोज सकाळी त्याचं समाधान वाटतं. त्या सिलिंडरची वर्षातून एकदा सर्व्हिस करावी लागते, नाहीतर वॉरंटी जाते. तो खर्च हिशेबात धरा.

बाहेरच्या यंत्राचा आवाज शेजाऱ्यांना त्रास होईल इतका नाही. एक-दोन अंशांच्या दमट हवेत त्यावर बर्फ धरतो आणि तो वितळवायला यंत्र मधूनमधून उलटं चालतं, तेव्हा वाफेचा लोट उठतो. पहिल्यांदा बघितलं की आग लागली असं वाटतं, पण घाबरायचं कारण नाही.

एक काम अजून अडलेलं आहे. माळ्यावरची जुनी टाकी काढून नेणं कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. आता ती माळ्याच्या दारातून निघत नाही, कापावी लागेल, म्हणून १८० पौंड मागतायत. मी देणार नाही असं लेखी कळवलं आहे, आणि इन्स्टॉलर ज्या ग्राहक संहितेचा (ग्राहकांशी कसं वागायचं त्याच्या नियमांचा) सभासद आहे तिथे कोटेशनच्या प्रतीसकट तक्रार नोंदवली आहे. काय उत्तर येतं ते इथेच खाली लिहीन.