‘निझाहोन व्हेटस’ : आठ महिने सोबत ठेवल्यावर

‘निझाहोन व्हेटस’ हा ख्रिस्ती धर्माच्या दाव्यांना ज्यूंनी द्यायच्या उत्तरांचा मध्ययुगीन ग्रंथ. डेव्हिड बर्जर यांनी संपादित केलेली ही त्याची १९७९ची आवृत्ती. मूळ हिब्रू, इंग्रजी भाषांतर आणि भरपूर टिपा एकाच खंडात आहेत. मूळ लेखक अज्ञात. जर्मनीतला ज्यू, तेराव्या शतकाच्या अखेरचा किंवा त्यानंतर थोड्याच काळातला.

सुरुवातीला मी सलग वाचायला घेतलं आणि कंटाळलो. चूक माझीच. हे पुस्तक हाताशी ठेवायचं आहे. रचना बायबलच्या क्रमाने आहे: ख्रिस्ती माणसाने अमुक वचन पुढे केलं, तर त्याला काय उत्तर द्यायचं? शेवटी नव्या करारावरची टीका येते. मग मराठी बायबल शेजारी उघडून बसू लागलो आणि सगळं बदललं.

यशया ७:१४ घ्या. ‘कुमारी गर्भवती होऊन पुत्र प्रसवेल’ ही खूण देव देईल, असं हे वचन, आणि ख्रिस्ती लोक ते येशूच्या जन्माचं भाकीत मानतात. मराठीत तिथे ‘कुमारी’ आहे, आणि आपल्यालाही तो शब्द अविवाहित मुलगी की पुरुषस्पर्श न झालेली, अशा दोन्ही अर्थांनी ऐकू येतो. हिब्रूत शब्द आहे ‘अल्मा’, म्हणजे तरुणी. ज्यू पंडित नीतिसूत्रे ३०:१९ दाखवतात, तिथे हाच शब्द पुरुष-स्त्रीच्या संबंधाबद्दल आला आहे. त्यांचा दुसरा मुद्दा मला जास्त पटला. खूण यहूदाच्या आहाज राजासाठी होती, शत्रू दाराशी होता. सातशे वर्षांनी होणाऱ्या जन्माने त्याला कसला धीर येणार? संदर्भ सोडून वचन वाचू नये, हे इतकं ठसठशीत मला कुणी शिकवलं नव्हतं.

भाषा मात्र बोचरी आहे, काही जागी शिवराळही. बार्सिलोनात १२६३ साली अरागॉनच्या राजासमोर झालेल्या ज्यू-ख्रिस्ती वादात ज्यू पंडित रामबान बोलले ते तोलूनमापून. इथे तसा संयम नाही. पण १२४२ साली पॅरिसमध्ये तालमूदची, म्हणजे ज्यूंच्या धर्मशास्त्राच्या मोठ्या ग्रंथाची, हस्तलिखितं गाडीगाडीने जाळली गेली होती. ते लक्षात ठेवून वाचलं की हा राग समजतो. आपल्याच माणसांनी धर्म सोडू नये, त्यांची मान ताठ राहावी, यासाठी हे लिहिलंय.

उणीव एकच: त्रैक्य (एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) किंवा अवतार (देव येशूच्या रूपाने माणूस झाला) या ख्रिस्ती सिद्धांतांची तर्काच्या अंगाने सलग चिकित्सा हवी असेल, तर ज्यू तत्त्वज्ञ हस्दाई क्रेस्कासकडे जावं लागेल. बर्जर यांच्या टिपांनी मात्र दरवेळी तारलं. एखादा युक्तिवाद आधी कुणी केला होता, ते त्या दाखवतात.

सध्या यशया ५३वर आहे. दुःख सोसणारा तो सेवक म्हणजे खुद्द इस्राएल, असं मध्ययुगीन ज्यू भाष्यकार राशी म्हणतात. जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी १०९६ साली झालेल्या ज्यूंच्या कत्तलींनंतर तो अध्याय ज्यूंनी कसा वाचला असेल, याच विचारात दोन आठवडे पुढचं पान उलटलेलं नाही.