गंगापूर रोडचं वुडन फ्लोअरिंग की इंदिरानगरची फरशी?

नाशकात भाड्याचा फ्लॅट दाखवताना एजंट हल्ली दार उघडल्याबरोबर खाली बोट करतो. "वुडन फ्लोअरिंग आहे, मॅडम." पाच वर्षांपूर्वी मीही त्या मधाळ रंगावर भाळले होते. गंगापूर रोडला, सहाव्या मजल्यावर, तशा टू बीएचकेत आम्ही तीन वर्षं काढली. आता दोन वर्षं इंदिरानगरला पहिल्या मजल्यावर राहतोय. इथे खाली दोन बाय दोनच्या साध्या व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. दोन्ही घरांच्या भाड्यात महिन्याला चार हजारांचा फरक, म्हणजे अकरा महिन्यांच्या करारामागे ४४,००० रुपये. त्यात एरियाचा वाटा आहेच, पण एजंटने वाढीव भाडं सांगितलं ते फ्लोअरिंगच्या नावावर.

तुम्ही अशाच दोन घरांत अडकला असाल, तर आधी ते "लाकूड" नेमकं कुठलं हे शोधा. जुन्या नाशकातल्या वाड्यांत माडीला सागवानी तुळया आणि फळ्या असायच्या, ते अस्सल लाकूड. तशा अखंड फळ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सहसा मिळत नाहीत. इंजिनिअर्ड फळीत प्लायवर खऱ्या लाकडाचा पातळ थर असतो. लॅमिनेटमध्ये दाबून घट्ट केलेल्या लाकडी तंतूंचा पाट असतो, त्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद आणि त्यावर पारदर्शक कडक थर. जाडी बहुधा ८ किंवा १२ मिलिमीटर. चौथा प्रकार एसपीसी, म्हणजे दगडाची पूड आणि प्लास्टिक. याला पाण्याचं भय नाही.

मालकालाही बऱ्याचदा नक्की माहीत नसतं. सरळ खाली बसून बघा. तीच गाठ, तीच रेघ चार-सहा फळ्यांनंतर पुन्हा दिसली, तर ते छापील आहे, म्हणजे लॅमिनेट किंवा एसपीसी. दाराच्या उंबऱ्यापाशी पट्टी सैल असेल तर फळीची कापलेली कड दिसते. आत तपकिरी पुठ्ठ्यासारखं दिसलं तर लॅमिनेट.

एवढी चौकशी कशासाठी? पाण्यासाठी. लॅमिनेटच्या सांध्यातून पाणी आत गेलं की तो पाट फुगतो आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. आमच्याकडे ऑगस्टच्या एका रात्री वाऱ्याने पाऊस बाल्कनीच्या सरकत्या दाराखालून आत आला. सकाळी उठलो तेव्हा टॉवेलभर पाणी होतं. लगेच टिपून घेतलं, पंखा लावून ठेवला, वाटलं सुटलो. तिसऱ्या दिवशी अनवाणी चालताना अंगठ्याला काहीतरी लागलं. वाकून हात फिरवला तर दोन फळ्यांच्या कडा नखाएवढ्या वर आलेल्या. दिवाळीपर्यंत तिथला वरचा थर सुटू लागला, झाडूच्या काड्या अडकायला लागल्या. घर सोडताना मालकांनी डिपॉझिटमधून ९,००० रुपये कापले, कारण तीच शेड बाजारात मिळेना आणि आख्खा पट्टा बदलावा लागणार होता. दाराची फट त्यांची, पाऊस आभाळाचा आणि पैसे आमचे, याचं मला आजही वाईट वाटतं. पण करारात फ्लोअरिंगबद्दल एक ओळ नव्हती, त्यामुळे बोलायला जागाच उरली नाही.

रोजचं पुसणंही आलंच. आपल्याकडे मावशी बादली आणि फिनेल घेऊन येतात, फडकं निथळतं असतं. लॅमिनेटला ते घट्ट पिळलेलंच लागतं. तीन वर्षांत आमच्याकडे चार मावशी झाल्या, आणि प्रत्येकीला हे नव्याने सांगताना आपण उगाच कटकट करतोय असं वाटायचं. गॅसचं सिलिंडर ओढायचं नाही, पलंगाच्या पायांना नमद्याचे तुकडे लावायचे, देवघरात समईखाली ताटली ठेवायची. इंदिरानगरच्या घरात यातलं काही डोक्यात नसतं. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीत नाही. हळद सांडली तर फार तर सांध्यातली रेघ पिवळी पडते.

एवढं सोसूनही लाकडाची आठवण येते, आणि ती डिसेंबरात. निफाडला पारा पाच अंशांच्या आसपास आल्याची बातमी येते, त्या सकाळी या टाइल्सवर पाय टेकवत नाही. खरं तर खोलीत टाइल आणि लाकूड दोन्ही सारखेच गार असतात, पण टाइल पायातली ऊब झरझर ओढून घेते, लाकूड सावकाश. सासूबाईंचे गुडघे दुखतात; गंगापूर रोडच्या घरात त्या सकाळी सपाता न शोधता उठायच्या. लेक तिथेच चालायला शिकली, धडपडली तरी खोक पडली नाही. उलट एप्रिल-मेच्या दुपारी टाइल्सवर नुसती चादर टाकून पडण्याचं सुख लाकडावर नाही. आवाजाचं म्हणाल तर लॅमिनेट पोकळ वाजतं. लेक पळायला लागल्यावर खालच्या आजोबांची दुपारची झोप मोडायची.

माझं मत विचाराल तर घरात लहान मूल, रोजची पूजा, येणंजाणं आणि पुसायला बाहेरची बाई असेल, तर टाइल्स घ्या आणि हिवाळ्यापुरती सतरंजी अंथरा. दोघंच असाल, घरून काम करत असाल, तर लाकडी घर घ्यायला हरकत नाही. फक्त चाकांच्या खुर्चीखाली मॅट हवी. बेडरूममध्ये लाकूड आणि हॉल-किचनला टाइल्स असं घर मिळालं, तर थोडं जास्त भाडं मी स्वतः आनंदाने देईन. तळमजल्यावर किंवा गळक्या टेरेसखाली मात्र लॅमिनेट नकोच. ओल आणि वाळवी दोन्ही तिथे आधी पोचतात.

लाकडी घर ठरलंच तर लिव्ह अँड लायसन्स करारात फ्लोअरिंगचा प्रकार, आज असलेले ओरखडे आणि "नेहमीच्या वापरातली झीज डिपॉझिटमधून कापली जाणार नाही" हे वाक्य घालून घ्या. बाहेरून आलेल्या पावसाचं नुकसान कोणाकडे, तेही लिहा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. सामान आत येण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढून मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणजे तारीखही राहते. बाल्कनीच्या दाराखालची पट्टी त्यात जवळून दिसू द्या.