आजन्म नॅव्हडेटाचा सौदा

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर मी घरच्या संगणकावर विमान चालवायला शिकलो, याचे सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या शेजाऱ्यांना आजही हसू येते. या छंदात माझी जी फसवणूक झाली, ती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. रक्कम म्हणाल तर ४,७०० रुपये, म्हणजे फार मोठी नव्हे. पण त्या पैशांबरोबर संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीम या संकेतस्थळावरचे माझे खाते अकरा दिवस परक्याच्या ताब्यात राहिले. हा प्रकार जसा घडला तसा येथे लिहीत आहे, कारण त्याच माणसाकडून तोच माल घेतलेले आणखी दोघे मला नंतर भेटले आणि ते दोघेही माझ्याप्रमाणेच गप्प बसले होते.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. माझ्याकडे एक्स-प्लेन ११ हा सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर विमान चालवण्याचे सॉफ्टवेअर, आहे. त्यात विमानाच्या एफएमसीला, म्हणजे मार्गाची आखणी सांभाळणाऱ्या संगणकाला, हवाई मार्ग, त्यावरील बिंदू, धावपट्ट्या आणि उतरण्याच्या पद्धती यांची माहिती पुरवावी लागते आणि तिला नॅव्हडेटा म्हणतात. खऱ्या विमानांसाठी ही माहिती जगभर दर २८ दिवसांनी नव्याने लागू होते. त्या प्रत्येक आवृत्तीला सायकल म्हणतात आणि तिला चार आकडी क्रमांक असतो : पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन त्या वर्षातल्या सायकलचे. २०२४ सालची सातवी सायकल, म्हणजे २४०७, त्या वर्षी ११ जुलैला लागू झाली. सांगलीकरांना हे समजावून सांगणे सोपे आहे. आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी आपण पावसाळ्यात विचारतो तेव्हा आकड्याबरोबर ‘किती वाजताची?’ हेही विचारतो, कारण सकाळचे ३८ फूट संध्याकाळी काही कामाचे नसतात. नोकरीत असताना पातळीच्या नोंदीपुढे वेळ लिहिली नाही म्हणून मी हाताखालच्या लोकांना बोललेलो आहे. तरीही नॅव्हडेटा विकत घेताना तो कधीचा आहे हे मी पाहिले नाही.

विक्रेता मला एका मेसेजिंग ग्रुपवर भेटला. तो आमच्याच भागातला असल्याचे सांगत असे, शुद्ध मराठीत बोलत असे आणि मला पहिल्या दिवसापासून काका म्हणत असे. त्याच्याकडे ॲड-ऑनचा, म्हणजे सिम्युलेटरला जोडायच्या वस्तूंचा, एक पॅक होता : झिबो या टोपणनावाच्या निर्मात्याचे बोइंग ७३७, एका नावाजलेल्या कंपनीची एअरबस, भारतातल्या पंधरा-वीस विमानतळांचे देखावे, मार्ग आखण्याचे सॉफ्टवेअर आणि आजन्म नॅव्हडेटा, हे सगळे मिळून ३,२०० रुपये. “काका, दर महिन्याला वर्गणी कशाला भरता? एकदाच पैसे द्या, पुढची प्रत्येक सायकल मी स्वतः पाठवत जाईन,” असे तो म्हणाला. दर २८ दिवसांनी शिळा होणारा माल कोणी आजन्म कसा देईल, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. ती माहिती गोळा करून सिम्युलेटरसाठी तयार करण्याचे काम नॅव्हिग्राफसारखी कंपनी सतत करत असते आणि त्यासाठीच वर्गणी घेत असते.

येथे एक कबुली दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती एअरबस एकटीच अधिकृतपणे सहा हजारांच्या आसपास पडते, हे मला ठाऊक होते. म्हणजे पॅकमधली प्रत सरळ मार्गाने आलेली नाही, हेही मनातल्या मनात मला ठाऊक होते. स्वस्तात पदरात पडते आहे ना, मग चौकशी कशाला, असा विचार मी केला. १४ जुलै २०२४ रोजी, रविवारी सकाळी, चहाचा कप बाजूला ठेवून मी पैसे पाठवले आणि दहा मिनिटांत झिप फाइलच्या लिंक आल्या.

त्या फाइलींबरोबर एक सेटअप फाइल होती आणि ती चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करण्याची सूचना होती. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “अशा ॲड-ऑनना अँटिव्हायरस उगाच अडवतो, काका, सगळ्यांना हेच करावे लागते.” मी तसे केले. वास्तविक एक्स-प्लेनमध्ये विमान बसवायचे तर बहुतेक वेळा त्याचा फोल्डर ‘एअरक्राफ्ट’ या फोल्डरात ठेवला की काम होते, आणि नॅव्हडेटा ‘कस्टम डेटा’ या फोल्डरात ठेवला की तो मूळ माहितीच्या जागी वापरला जातो. यापैकी कशालाही सेटअप फाइल लागत नाही. एअरबस चालू होईना, तेव्हा सर्व्हरवर नोंदणी करण्याच्या नावाखाली त्याने आणखी १,५०० रुपये मागितले आणि मी तेही दिले. एअरबस त्यानंतरही कधी चालू झाली नाही.

बोइंग मात्र उत्तम चालत होते, त्यामुळे माझा संशय लांबला. पहिले उड्डाण मी हैदराबादहून बंगळूरला केले. मार्ग सिमब्रीफ या मार्ग आखून देणाऱ्या संकेतस्थळावर आखला होता आणि तेथे उतरण्यासाठी धावपट्टी २७ आर, म्हणजे उजवी २७, आली होती. एफएमसीच्या यादीत मात्र ०९ आणि २७ अशा दोनच नोंदी होत्या. डावी-उजवी असा भेदच नव्हता. शिवाय मार्गातले दोन बिंदू एफएमसीला सापडेनात आणि त्या जागी मार्ग तुटलेला दिसू लागला. मी नवशिक्या, म्हणून चूक माझीच असणार असे समजून मी आठवडाभर टाइप केलेला मार्ग पुन्हा पुन्हा तपासत राहिलो. पुढे गोव्यातल्या मोपाला जायचे ठरवले, कारण पॅकमध्ये त्या विमानतळाचा देखावा होता. मोपाचा संकेत, म्हणजे व्हीओजीए, टाकून उतरण्याच्या पद्धतींचे पान उघडले तर ते पान कोरे होते. विक्रेत्याला विचारले, तेव्हा मोपा नवा विमानतळ आहे, पुढच्या सायकलमध्ये येईल, असे उत्तर मिळाले. मोपाहून विमाने जानेवारी २०२३ पासून उडत आहेत, म्हणजे ते ‘नवे’पण तोवर दीड वर्षाचे झाले होते.

८ ऑगस्टला २४०८ ही सायकल लागू झाली आणि त्याने खरोखरच नवी झिप पाठवली. त्या वेळी मला त्याच्या वक्तशीरपणाचे कौतुकही वाटले. दोन्ही झिप मी एकाच फोल्डरात ठेवल्या होत्या आणि त्यातल्या फाइलींच्या आकारांकडे सहज लक्ष गेले. ते आकार शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे होते. जगभरातले बदल आत आले आणि फाइल एका अक्षरानेही वाढली किंवा घटली नाही, हे कसे शक्य आहे?

पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला मी फोन केला. ती म्हणाली, “बाबा, ही साधी मजकुराची फाइल दिसते आहे. नोटपॅडमध्ये उघडा आणि वरच्या दोन-तीन ओळी मला वाचून दाखवा.” बिंदूंच्या फाइलीत वरच ‘डेटा सायकल २४०८’ असे लिहिले होते, पण त्याच ओळीत पुढे फाइल तयार झाल्याची तारीख होती आणि ती २०१९ सालची होती. हवाई मार्गांच्या फाइलीत तर क्रमांक बदलायचेही त्याच्याकडून राहून गेले होते. तेथे सरळ १९०८ असे होते. नंतर बंगळूरची फाइल उघडली, तर धावपट्टीच्या नोंदी दोनच. आणि मोपाच्या नावाची फाइल फोल्डरात नव्हतीच. सगळ्याचा उलगडा झाला. बंगळूरची दुसरी धावपट्टी डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून तेथे डावी आणि उजवी असा भेद आला. माझ्याकडचा डेटा त्याआधीचा होता. १९०८ ही सायकल १८ जुलै ते १४ ऑगस्ट २०१९ या काळातली. सांगलीच्या माणसाला त्या तारखा वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत; कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते ते याच दिवसांत. पाच वर्षांपूर्वीच्या पुरातली नोंद आजची पातळी म्हणून मला विकली गेली होती आणि त्यासाठी विक्रेत्याने दोन-तीन ओळींतला एक आकडा बदलण्यापलीकडे काहीही केलेले नव्हते.

त्याच आठवड्यात स्टीमच्या खात्यात परक्या ठिकाणाहून प्रवेश झाल्याचा मेल आला आणि मी तो पाहीपर्यंत पासवर्ड बदललेला होता. ब्राउझरमध्ये साठवून ठेवलेले पासवर्ड त्या सेटअप फाइलीने उचलले असावेत, असे मुलीचे मत पडले. तिने आधी बँकेचा आणि मेलचा पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलायला लावला आणि मग माझा संगणक पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकले. सिम्युलेटर विकत घेतल्याचा पुरावा माझ्याकडे जपून ठेवलेला होता, म्हणून अकरा दिवसांनी खाते परत मिळाले. तो पुरावा नसता तर सिम्युलेटरही गेला असता.

त्यानंतर जे कळले त्याने मला पैशांपेक्षा अधिक चुटपुट लागली. झिबोचे ७३७ हे विमान विनामूल्यच आहे, कोणालाही मिळते. मार्ग आखण्याचे म्हणून जे सॉफ्टवेअर दिले होते ते लिटल नॅव्हमॅप, तेही विनामूल्य. सिमब्रीफचे खाते विनामूल्य उघडता येते. तेथे वर्गणी भरणाऱ्याला चालू सायकल मिळते आणि न भरणाऱ्याला जुनी, एवढाच फरक. देखाव्यांपैकी काही हौशी लोकांनी फुकट वाटण्यासाठी बनवलेले होते आणि त्यांच्या फोल्डरातली, बनवणाऱ्याचे नाव सांगणारी फाइल तेवढी काढून टाकली होती. थोडक्यात, चालणारा जो माल होता तो फुकटचा, आणि ज्याला किंमत होती तो एकतर चोरीचा किंवा शिळा.

विक्रेत्याला मी हे सगळे लिहून कळवले. त्याचे उत्तर एका ओळीचे होते : “काका, चोरीचा माल आहे हे तुम्हालाही माहीत होते ना, मग तक्रार कुठे करणार?” आणि त्याने मला ब्लॉक केले. त्या ओळीमुळे मी तब्बल पाच आठवडे गप्प राहिलो. पोलिसांनी विचारले तर काय सांगू, या वयात चोरीचे सॉफ्टवेअर घेत होतो म्हणून सांगू का, ही लाज मला पुरून उरली. ज्याला आपला व्यवहार सरळ नाही हे ठाऊक असते तो ओरडत नाही, हे त्या माणसाने नीट ओळखलेले होते आणि त्याची किंमत त्याने ३,२०० रुपयांतच धरलेली होती. शेवटी मुलीच्या आग्रहाखातर मी १९३० या क्रमांकावर फोन केला आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. तेथे मला पहिला प्रश्न विचारला गेला तो पैसे कधी गेले हा. पैसे जाताच कळवले तर ते पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. माझे पैसे परत आलेले नाहीत.

आता मी नॅव्हिग्राफची वर्गणी भरतो आणि कोणतीही फाइल विमानात टाकण्याआधी तिच्या वरच्या ओळी वाचतो, त्यानंतर बंगळूरच्या धावपट्ट्या मोजतो आणि मोपाची फाइल आहे का ते पाहतो. या तपासणीला दोन मिनिटे लागतात. त्या विक्रेत्याची जाहिरात दुसऱ्या एका ग्रुपवर मला पुन्हा दिसली. पॅक तोच होता, किंमत ३०० रुपयांनी कमी केलेली होती आणि सायकलचा क्रमांक त्या महिन्याचा होता. मी त्याखाली बंगळूरच्या धावपट्ट्यांबद्दल विचारले, तेव्हा मला त्या ग्रुपमधून काढण्यात आले.