ताबेर्नासचे मिनी हॉलिवूड: एका कोल्हापूरकराचा अभिप्राय

स्पेनच्या आग्नेय भागात, अल्मेरिया शहरापासून सुमारे 30 किलोमीटरवर, ताबेर्नासच्या उजाड टेकड्यांमध्ये एक लाकडी गाव उभे आहे. सर्जिओ लिओने यांच्या 1965 साली प्रदर्शित झालेल्या ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ या काउबॉय धाटणीच्या चित्रपटासाठी ते बांधले गेले. कथा टेक्सासमधील एल पासोची, दिग्दर्शक इटलीचे आणि माती स्पेनची. चित्रीकरण आटोपल्यावर असे सेट एरवी मोडीत निघतात. येथे मात्र गर्दीच्या प्रसंगांत उभे राहिलेल्या स्थानिक लोकांनीच तो विकत घेऊन पर्यटकांसाठी खुला केला. पुढे मालकी बदलली, शेजारी प्राणिसंग्रहालय झाले आणि आज ते सारे ‘ओएसिस मिनी हॉलिवूड’ या नावाने चालते, तरीही मूळ रस्ता, बँक आणि मद्यालय यांचे महत्त्व कमी झालेले नाही.

सेटची रचना कार्लो सिमी यांची. ते वास्तुशास्त्र शिकलेले होते आणि त्याचा प्रत्यय रस्त्यात पाऊल ठेवताच येतो. कथेतले दोघे बक्षीसशिकारी, म्हणजे इनामासाठी गुन्हेगारांच्या मागावर असणारे, समोरासमोरच्या खिडक्यांतून दुर्बिणी लावून बँकेवर आणि मग एकमेकांवर नजर ठेवतात. त्या प्रसंगासाठी लागणारी अंतरे, उंची आणि आडोसे या रस्त्यातच बांधून काढलेले आहेत, हे पडद्यावर जितके कळत नाही तितके तेथे प्रत्यक्ष उभे राहून कळते. दर्शनी भिंतीला वळसा घालून मागे गेले, की रंग संपतो आणि उघड्या फळ्या व तिरके टेकू दिसू लागतात. मी सर्वाधिक वेळ तेथेच घालवला. चित्रपटातील बँकेच्या व्यवस्थापकाची छोटी भूमिकाही सिमी यांनीच केली आहे, हे माहीत असेल तर त्या इमारतीसमोर पाय नक्कीच रेंगाळतात.

कोल्हापूरच्या माणसाला हे सारे परके वाटत नाही. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनीच रंगवलेल्या पडद्यांऐवजी भरीव, वावरता येतील असे सेट आपल्या चित्रपटांत आणले, आणि त्यांचा ‘सैरंध्री’ 1920 साली आला. छत्रपती राजाराम महाराजांच्या पाठबळाने 1933 साली उभे राहिलेले कोल्हापूर सिनेटोन पुढे भालजी पेंढारकरांकडे येऊन जयप्रभा स्टुडिओ झाले, आणि ते वाचावे म्हणून येथील कलाकार व तंत्रज्ञ रस्त्यावर उतरले. मोरेवाडीच्या चित्रनगरीत आजही वाड्यासमोर कॅमेरा लागतो. ज्यांनी समूहदृश्यांत काम केले त्यांनाच सेटची किंमत कळावी, ही ताबेर्नासची गोष्ट म्हणूनच मला फार मोलाची वाटते. आपल्या गल्लीबोळांतही अशी कामे केलेली माणसे घरोघरी आहेत.

रस्त्यावर ठरावीक वेळी गोळीबाराचा खेळ होतो. तो बेतलेला असला तरी घोडेस्वारी आणि पडझड करणारे कलाकार कसलेले आहेत, आणि फैरी झडताच बंदुकीच्या दारूचा वास थेट आपल्यापर्यंत येतो. संवाद कळले नाहीत तरी काही अडत नाही. मद्यालयात कॅनकॅन नृत्य होते. ते मला बेताचेच वाटले. जुनी भित्तिपत्रके, प्रक्षेपक आणि घोडागाड्या यांचा संग्रह मात्र चुकवू नये. प्राणिसंग्रहालय मोठे आहे आणि मुलांना आवडेल, परंतु केवळ चित्रपटासाठी आलेल्यांनी आधी सेट निवांत पाहावा आणि वेळ उरल्यास तिकडे वळावे.

ताबेर्नासचा परिसर युरोपातील एकमेव वाळवंट म्हणून ओळखला जातो. वर्षाला जेमतेम 250 मिलिमीटरपर्यंत पाऊस, त्यामुळे गगनबावड्याच्या पावसाची सवय असलेल्या डोळ्यांना ती कोरडी, फुटलेली जमीन विलक्षण वाटते. जुलै-ऑगस्टची दुपार टाळावी, टोपी व पाणी जवळ ठेवावे आणि खेळ पाहण्यासाठी सावलीची बाजू आधीच धरावी. स्वतःचे वाहन असलेले बरे, कारण जवळच ‘फोर्ट ब्राव्हो’ आणि ‘वेस्टर्न लिओने’ हे आणखी दोन सेट आहेत. तिन्ही एका दिवसात उरकू नयेत. दोनच जमणार असतील तर मिनी हॉलिवूडनंतर फोर्ट ब्राव्होला जावे, कारण तेथे मेक्सिकन धाटणीचे वेगळे गाव आहे आणि चित्रीकरणेही अजून होतात. त्यामुळे निघण्यापूर्वी तेथे चौकशी करून घ्यावी.