नासा एडीएस: आकडे चोख, पण आधी यादी साफ करा

खगोलभौतिकीतल्या एखाद्या संशोधकाचं काम किती आणि पुढच्या संशोधनाला त्याचा उपयोग किती झाला, हे बघायचं तर नासाची ॲस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम, म्हणजेच एडीएस, ही पेपर (शोधनिबंध) शोधायची आजही सगळ्यात भरवशाची सेवा आहे. हार्वर्ड-स्मिथसोनियनच्या खगोलभौतिकी केंद्रातून ती चालते, पूर्ण मोफत आहे आणि नुसता शोध घ्यायला खातंही काढावं लागत नाही. जुन्या अंकांची पानं स्कॅन करून ठेवली आहेत. चंद्रशेखरांचा श्वेतबटूंच्या (इंधन संपलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या) कमाल वस्तुमानावरचा १९३१चा पेपर, अवघ्या दोन पानांचा, छापला होता तसाच वाचता येतो.

गडबड होते ती नावात. खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णींचं उदाहरण घेऊ: जन्म कुरुंदवाडचा, कर्मभूमी अमेरिकेतली कॅलटेक संस्था, खगोलशास्त्रासाठीच्या २०२४च्या शॉ पुरस्काराचे मानकरी. 'कुलकर्णी, एस.' एवढंच टाकलंत तर एस. आद्याक्षराचे जगभरातले सगळे कुलकर्णी एका यादीत येतात. 'एस. आर.' लिहूनही पूर्ण सुटका नाही, कारण नुसत्या 'एस.' नावाने छापलेले पेपर एडीएस मुद्दाम धरून ठेवतं. लेखकाच्या फील्डआधी = हे चिन्ह दिलं की नाव जसंच्या तसं जुळवलं जातं, पण मग पूर्ण नावाने छापलेले पेपर गळतात. म्हणून दोन्ही शोध घ्या, डावीकडच्या फिल्टरमधून विषय आणि संस्था लावून गाळा आणि उरलेले डोळ्यांखालून घाला. ओआरसीआयडी, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असेल तर काम सोपं होतं, मात्र हे क्रमांक २०१२ पासूनचे; त्याआधीचे पेपर संशोधकाने स्वतः जोडले असतील तरच दिसतात.

यानंतर 'रेफरीड' (तज्ज्ञांनी तपासून छापलेले पेपर) हा फिल्टर लावाच. क्षणिक स्फोटांवर काम करणाऱ्यांच्या नावावर जीसीएन सर्क्युलर आणि ॲस्ट्रॉनॉमर्स टेलिग्राम या झटपट सूचनापत्रांतल्या चार-पाच ओळींच्या नोंदी ढिगाने असतात. त्या निरीक्षकांसाठी मोलाच्या आहेत, पण एकूण पेपरांचा आकडा त्यांनीच फुगतो.

नावाआधी ^ लावलं की फक्त प्रथम लेखक म्हणून लिहिलेले पेपर येतात. निवड समित्यांना हा फिल्टर फार आवडतो, आणि तोच सगळ्यात जास्त फसवतो. सेकंदाला सुमारे ६४२ फेऱ्या मारणाऱ्या पहिल्या मिलिसेकंद पल्सारचा (अतिवेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचा) १९८२चा पेपर: प्रथम लेखक बॅकर. ग्लीझ २२९ बी या तपकिरी बटूचा (तारा होण्याइतकं वस्तुमान नसलेल्या गोलाचा) १९९५चा: नाकाजिमा. गॅमा किरणांचे स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षांवर होतात हे दाखवणारा १९९७चा: मेट्झगर. तिन्हींत कुलकर्णी आहेत, आणि ^ लावताच तिन्ही गायब!

मग 'एक्सप्लोर'मधून 'मेट्रिक्स' उघडा. एच-इंडेक्स ४० म्हणजे किमान ४० सायटेशन्स (इतर पेपरांनी दिलेले संदर्भ) असलेले ४० पेपर. तो वयाबरोबर वाढतच जातो, कमी कधीच होत नाही. त्याला पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागलं की एम-इंडेक्स मिळतो. तरुण संशोधकांची तुलना करायची तर निदान हा वापरा. आमच्या मते खरा कामाचा आकडा 'नॉर्मलाइज्ड सायटेशन्स'चा, म्हणजे प्रत्येक पेपरच्या सायटेशन्स भागिले लेखकसंख्या. २०१७च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीवरच्या संयुक्त पेपरला तीन हजारांहून जास्त लेखक आहेत. तिथली हजारो सायटेशन्स प्रत्येकाच्या एच-इंडेक्सला पूर्ण हातभार लावतात, नॉर्मलाइज्डमध्ये मात्र वाट्याला एखाद-दुसरं येतं. उलट दुर्बीण किंवा सॉफ्टवेअर उभं करण्यात वर्षं घालवणाऱ्यांवर हाच आकडा अन्याय करतो, त्यामुळे एच-इंडेक्स आणि नॉर्मलाइज्ड दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

गुगल स्कॉलरवर सायटेशन्स सहसा जास्त दिसतात, कारण ते प्रबंध आणि इतर कागदपत्रंही मोजतं. कणभौतिकीकडे झुकलेलं काम असेल तर त्या विषयाची इन्स्पायर ही सेवाही बघा. अभियांत्रिकी किंवा शुद्ध गणितातून आलेली सायटेशन्स एडीएसमध्ये निसटू शकतात. अर्काइव्ह या मोफत संकेतस्थळावर आधी टाकलेली प्रत आणि छापील पेपर एडीएस सहसा एकत्र करतं. कधी जोडणी राहून जाते, मग एकच पेपर दोनदा दिसतो आणि सायटेशन्स विभागली जातात. पानावरूनच दुरुस्ती सुचवायची सोय आहे.

गाळलेली यादी 'लायब्ररी'त साठवा (यासाठी मात्र खातं लागतं) आणि मेट्रिक्स तिथूनच काढा. नव्याने शोध घेतला की सगळे कुलकर्णी पुन्हा आत येतात.