कॉर्न स्नेक की बॉल पायथन? आधी खोलीतली हवा मोजा

पहिला साप पाळायचा म्हटलं की बहुतेकांची गाडी या दोघांवर येऊन थांबते. मग रंग बघतात, लांबी बघतात, स्वभाव विचारतात. खोलीतली हवा कोरडी की दमट, हे मात्र कुणी बघत नाही. मला विचाराल तर निवड तिथेच ठरते.

तापमानाचं गणित दोघांचं जवळपास सारखं आहे. पेटीचं एक टोक गरम, दुसरं गार. साप गरजेप्रमाणे सरकतो. कॉर्न स्नेकला गरम बाजूला २९ ते ३२ अंश सेल्सिअस आणि गार बाजूला २२ ते २५ पुरतात. बॉल पायथनला ३१ ते ३३ आणि २५ ते २७ लागतात. गारवा कॉर्न स्नेक जास्त सहन करतो. दोघांनाही ऊब कमी पडली तर अन्न पचत नाही, गिळलेलं उलटून पडतं. हीट मॅटला, म्हणजे पेटी तापवणाऱ्या विजेच्या चटईला, थर्मोस्टॅट (तापमान आवरणारा स्विच) हवाच, नाहीतर पोट भाजतं. यात तडजोड नाही.

खरी तफावत ओलाव्यात आहे. कॉर्न स्नेकला ४० ते ६० टक्के आर्द्रता चालते; बॉल पायथनला साधारण ६० ते ८० लागते. तो पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ भागातला, म्हणून कोरडं मानवेल असं वाटतं. पण दिवसभर तो उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात असतो, आणि तिथली हवा दमट असते.

अडचण अशी की आपण पेटी तापवतो आणि त्यानेच ती कोरडी पडते. २२ अंशांवर ६० टक्के आर्द्रता असलेली हवा ३२ अंशांपर्यंत तापवली, की तीच आर्द्रता ३३ टक्क्यांच्या आसपास उतरते. पाणी तेवढंच, टक्के निम्मे! अशा पेटीत बॉल पायथनची कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवरचे पापुद्रे तसेच चिकटून राहतात. उपाय म्हणजे जाळीचं झाकण थोडं झाकणं आणि तळाला नारळाच्या सोडणांचा जाड थर देऊन कोपऱ्यांत पाणी ओतणं. दिवसातून चारदा फवारा मारला की वरचा थर चिकचिकीत होतो आणि हवा तासाभरात पुन्हा कोरडी.

उलट कॉर्न स्नेकची पेटी सतत ओली राहिली तर पोटाचे खवले सडतात. त्यात गारठा आणि कोंडलेली हवा असेल तर छाती भरते, श्वासाला शिट्टी येते. त्याला खेळती हवा, कोरडा लाकडी भुसा आणि कात टाकायच्या दिवसांत ओल्या मॉसचा एक डबा, एवढं बास.

म्हणून साप आणण्याआधी, पेटी जिथे ठेवणार तिथे डिजिटल आर्द्रतामापक दोन आठवडे ठेवा. काट्याचा चिकटवायचा नको, तो शोभेचा असतो. आकडा चाळिशीच्या खाली रेंगाळत असेल तर कॉर्न स्नेक घ्या. साठीच्या वर असेल तर बॉल पायथनचं अर्धं काम झालेलंच आहे. मधल्या आकड्याला दोन्ही जमतील, फक्त बॉल पायथनच्या मागे रोज थोडं लागावं लागेल.